पाण्याखालचे जंगल

जंगल पाहायचे असेल तर तुम्ही कोठे जाल? डोंगरात, नाही का? आज मात्र आपण एक जंगल पाहायला समुद्रकिनाऱ्यावर जाणार आहोत, आणि तेही एका संग्रहालयात! हे जंगल उभे होते, त्या वेळी आपल्याकडे सातवाहनांचे राज्य होते.

जपानच्या होन्शू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर तोयामा नावाचा उपसागर आहे. त्याच्या काठी उओझू हे मासेमारीचे गाव आहे. १९३० साली तेथील बंदराचे काम चालू असताना खोदणाऱ्यांना गाळात झाडांचे प्रचंड बुंधे लागले. एक-दोन नव्हे, बुंध्यांमागून बुंधे! काही बुंध्यांचा व्यास दोन मीटरच्या आसपास होता. १९५५ मध्ये जपान सरकारने या जंगलाला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. आज त्याच जागी संग्रहालय उभे आहे.

हौदातला बुंधा

या संग्रहालयाच्या एका दालनात शिरलात, की तुमच्यापुढे पाण्याने भरलेला मोठा हौद येतो. पाणी थंड आणि नितळ आहे. त्यात एक अजस्र बुंधा आपली मुळे चहूकडे पसरून बसलेला दिसतो. तो दुसरीकडून आणून ठेवलेला नाही. जेथे तो वाढला, तेथेच तो आहे. इमारत मागाहून त्याच्याभोवती बांधली गेली. दुसऱ्या एका दालनात खणून काढलेले व वाळवलेले बुंधे मांडलेले आहेत.

ही झाडे जपानी सूचिपर्णी वृक्षांची आहेत. जपानी लोक या वृक्षाला ‘सुगी’ म्हणतात. आपल्या सुगीशी त्याचा काही संबंध नाही बरे!

आता तुम्ही विचाराल, “हे जंगल येथेच होते कशावरून? पुरात वाहून आलेले ओंडके नसतील कशावरून?” प्रश्न अगदी रास्त आहे. वाहून आलेला ओंडका आडवा पडतो आणि त्याची बारीक मुळे वाटेत तुटून जातात. येथील बुंधे मात्र उभे आहेत आणि त्यांची मुळे खालच्या मातीत पसरलेली आहेत. म्हणजे ही झाडे येथेच रुजली व वाढली. शिवाय सुगी हे गोड्या पाण्यावर वाढणारे झाड, खाऱ्या पाण्यात ते जगत नाही. आज ही मुळे समुद्राच्या पातळीच्या खाली आहेत. तेव्हा झाडे जिवंत असताना येथे कोरडी जमीन असली पाहिजे, असा निष्कर्ष निघतो.

जंगल गाडले कोणी?

जवळच काताकाई नावाची नदी डोंगरातून वेगाने उतरून समुद्राला मिळते. तिच्या पुरांनी आणलेल्या रेती-गोट्यांनी व गाळाने हे जंगल गाडले गेले. पुढे समुद्राची पातळी चढली आणि किनारा आत सरकला. गाळाबाहेर उरलेली खोडे हवेत कुजून नाहीशी झाली. गाळाखालचे बुंधे तेवढे शिल्लक राहिले.

पण लाकूड पाण्यात राहूनही कुजले कसे नाही? याचे उत्तर तुम्हाला शेताच्या कुंपणापाशी मिळेल. जुना लाकडी खांब उपटून पाहा. तो बहुधा जमिनीच्या पृष्ठभागालगत सर्वांत अधिक कुजलेला असतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. वरच्या टोकाला हवा आहे, पण ओल टिकत नाही. खोलवर ओल आहे, पण हवा कमी. जमिनीलगत मात्र दोन्ही हजर! उओझूचे बुंधे पाण्याने भरलेल्या गाळात खोल होते, म्हणजे प्राणवायूचा जवळजवळ अभावच. त्यात नदीच्या खोऱ्यातून झिरपणारे भूजल थंड. अशा ठिकाणी कुजण्याची क्रिया अत्यंत सावकाश चालते.

मग पाण्याबाहेर काढल्यावर काय होईल? शेकडो वर्षे भिजलेल्या लाकडाच्या पेशींतील बरेच द्रव्य हळूहळू निघून गेलेले असते. पेशींचा आकार केवळ आतल्या पाण्याच्या आधाराने टिकून असतो. असे लाकूड घाईने वाळवले, तर पेशी मिटतात. लाकूड आक्रसते व तडकते. बुंधा हौदात का ठेवला आहे, हे आता ध्यानात आले ना?

वय कसे काढतात?

जिवंत झाड हवेतून कर्ब घेते. त्यात अत्यल्प प्रमाणात किरणोत्सर्गी कर्ब-१४ असतो. झाड मेले की हा पुरवठा थांबतो आणि साठलेला कर्ब-१४ घटू लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. ज्या लाकडात मूळच्या शंभर भागांपैकी सुमारे ७८ भाग शिल्लक आहेत, ते लाकूड साधारण २,००० वर्षांपूर्वीचे. उओझूच्या झाडांचे वय याच सुमाराचे निघते.

याच उपसागरात न्यूझेन गावाच्या समोर १९८० साली पाणबुड्यांना आणखी एक जंगल सापडले. ते सुमारे २० ते ४० मीटर खोलीवर असून ८ ते १० हजार वर्षांपूर्वीचे आहे. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळून जगभर समुद्र चढत होता. त्या चढत्या पाण्याची खूणच ही झाडे आपल्याला दाखवतात.

आणि आपली मुंबई?

असे जंगल आपल्याकडेही सापडले होते! मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर प्रिन्सेस डॉक ही गोदी बांधण्याचे काम १८७५ साली सुरू झाले. त्या खोदकामात चिखलाच्या थराखाली ३८२ झाडे उघडी पडली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक उभी होती. लाकूड होते खैराचे, ज्याचा कात आपण विड्याला लावतो!

येथे थोडा विचार करा. ही झाडे तिवरांची असती, तर नवल नव्हते. तिवरे भरतीच्या पाण्यात उभी राहतात. पण खैर हा कोरड्या रानातला वृक्ष. तो भरतीच्या रेषेखाली रुजलेला सापडला, याचा अर्थ एकच: एक तर जमीन खचली किंवा समुद्र चढला. भूवैज्ञानिकांनी ही झाडे किनारा खचल्याचा पुरावा म्हणून नोंदली.

गोदी १८८० मध्ये खुली झाली. जहाजे ये-जा करू लागली. उओझूचे बुंधे जागेवर राहिले आणि त्यांच्याभोवती संग्रहालय झाले. मुंबईच्या खैराच्या जागी मात्र तसे काही झाले नाही. जागेवरचे ते जंगल आता आपल्याला भेटते ते जुन्या नोंदींत. त्या काळी कोणी झाडे मोजून लिहून ठेवली नसती, तर तेवढेही हाती लागले नसते.

म्हणून एक लक्षात ठेवा. तुमच्या गावात विहीर, पाया किंवा तलाव खोदला जात असेल आणि चिखलात काळपट लाकूड दिसले, तर ते ओढून काढण्याची घाई करू नका. ते उभे आहे की आडवे, मुळे आहेत का, किती खोलीवर आहे, वर-खाली कोणता थर आहे, हे वहीत लिहा, आकृती काढा आणि आपल्या शिक्षकांना दाखवा. एकदा बाहेर काढलेले लाकूड पुन्हा जागेवर बसवता येत नाही. आणि त्याची निम्मी हकीकत त्या जागेतच असते.