विश्लेषण : मोबाइलवरची चाचणी सांगते, 'तुम्हाला व्यक्तिमत्त्व विकार आहे', विश्वास ठेवायचा का?

बदलापूर ते सीएसएमटी हा लोकलचा प्रवास दीड तासाहून मोठा. बसायला जागा मिळाली की रील्स सुरू होतात आणि त्यातूनच कधीतरी एक लिंक समोर येते : 'तुम्ही बॉर्डरलाइन आहात का? १० प्रश्नांत जाणून घ्या.' अंबरनाथ येईपर्यंत उत्तरे देऊन होतात, उल्हासनगरला निकाल हातात असतो : 'शक्यता जास्त'. पुढचा सगळा प्रवास त्या दोन शब्दांच्या सोबतीने होतो. या निकालाचा नेमका अर्थ काय?

व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे काय?

कुणी तापट असतो, कुणी संशयी, कुणाला टापटिपीचे वेड असते. हे स्वभाव झाले. विचार करण्याची, भावना हाताळण्याची आणि माणसांशी वागण्याची पद्धत इतकी ताठर होते, की स्वतःला किंवा इतरांना सतत त्रास होतो, नाती आणि नोकरी टिकत नाही, तेव्हा विकाराचा प्रश्न येतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३च्या 'डीएसएम-५' या नियमावलीत असे १० विकार तीन गटांत दिले आहेत. त्यासाठी अटीही आहेत. ही पद्धत किशोरवयात किंवा तारुण्याच्या सुरुवातीला दिसू लागलेली असावी, वर्षानुवर्षे टिकलेली असावी, एकाच ठिकाणी नव्हे तर घर, काम, मैत्री अशा अनेक ठिकाणी दिसावी आणि व्यसन किंवा दुसरा आजार हे तिचे कारण नसावे.

जागतिक आरोग्य संघटनेची 'आयसीडी-११' ही वर्गवारी जानेवारी २०२२पासून लागू झाली. तिने बहुतेक प्रकार काढूनच टाकले. विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे तिथे आधी पाहिले जाते. म्हणजे 'मी कोणत्या प्रकारात बसतो?' हा ऑनलाइन चाचण्यांचा आवडता प्रश्न नव्या वर्गवारीत बराच मागे पडला आहे.

मग या चाचण्या खोट्या असतात का?

सगळ्या नाही. मनोरंजनासाठी बनवलेल्या क्विझ बाजूला ठेवू. अमेरिकेतील मेरी झॅनरिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेली बॉर्डरलाइनची १० प्रश्नांची चाचणी अभ्यासून तयार केलेली आहे. सात किंवा अधिक 'हो' आले तर पुढे तपासणी करावी, असा तिचा निकष. विकार असलेल्या सुमारे ८१ टक्के लोकांना ती ओळखते आणि नसलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना बरोबर वगळते.

आकडे चांगले वाटतात, पण थोडे गणित करू. समजा, लोकलमधल्या १,००० प्रवाशांनी ही चाचणी दिली आणि त्यांपैकी २० जणांना खरोखर विकार आहे. त्या २० पैकी साधारण १६ जण सापडतील. उरलेल्या ९८० जणांपैकी १५ टक्के, म्हणजे १४७ जणांचा निकाल विकार नसतानाही 'हो' येईल. एकूण १६३ 'हो', त्यात खरे १६. म्हणजे दहातला एक! मानसोपचारतज्ज्ञाकडे आलेल्यांमध्ये विकाराचे प्रमाण मुळातच जास्त असते, म्हणून तिथे हीच चाचणी अधिक उपयोगी ठरते. चाचणी तीच, पण ती कोण देतो यावर निकालाचे वजन बदलते.

निकाल इतका पटतो कसा?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८मध्ये ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास तुमचे' वर्णन दिले. ते किती जुळते, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिला होता, तोही राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. 'कधी कधी तुम्हाला आतून रिकामे वाटते का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारे किती सापडतील?

स्वतःचे स्वतःला ओळखता येते का?

काही अंशी. पण आदल्या रात्री घरात भांडण झाले असेल तर उत्तरे वेगळी येतात. पहाटेची गाडी, रात्री उशिरा घरी, पाच तास झोप, असे महिनोन्‌महिने चालले तरी चिडचिड आणि भावनांचे चढउतार वाढतात. नैराश्य, बायपोलर, एडीएचडी, थायरॉइडचा त्रास, दारू, बालपणी सोसलेली मारहाण यांची लक्षणेही मिळतीजुळती दिसू शकतात.

उलट बाजूही आहे. अनेक व्यक्तिमत्त्व विकारांत माणसाला आपले वागणे खटकतच नाही, चूक नेहमी समोरच्याची वाटते. असा माणूस चाचणीत 'उत्तीर्ण' होऊन बाहेर पडतो. म्हणून तज्ज्ञ सविस्तर मुलाखत घेतात आणि शक्य असेल तर घरच्यांशीही बोलतात. ऑनलाइन चाचणी नवऱ्याच्या, सुनेच्या किंवा साहेबांच्या नावाने भरून त्यांना 'नार्सिसिस्ट' ठरवणे तर त्याहून निरर्थक.

संस्कृतीचाही फरक पडतो. 'मोठे निर्णय इतरांना विचारल्याशिवाय घेत नाही' याला परदेशी चाचणी परावलंबनाचा गुण देईल. एकत्र कुटुंबात, घरच्या दुकानात वाढलेल्याला ती साधी रीत वाटेल.

उत्तरे जातात कुठे?

२०२३मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर कारवाई केली. ग्राहकांची मानसिक आरोग्याशी संबंधित माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका होता. प्रकरण ७८ लाख डॉलरवर मिटले. त्यामुळे चाचणीआधी ईमेल, मोबाइल नंबर मागणारी साइट तिथेच बंद केलेली बरी.

निकाल 'हो' आला तर काय करावे?

- निकालाला निदान समजू नका, पण त्रास खरा असेल तर झटकूनही टाकू नका.
- विकाराचे नाव बाजूला ठेवून प्रसंग लिहा : काय झाले, किती वेळा, कधीपासून, त्यामुळे काय बिघडले. डॉक्टरांना गुणांपेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो.
- उल्हासनगर कॅम्प ३मधील मध्यवर्ती रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ उपलब्ध आहेत का, याची चौकशी करता येईल. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तसेच १९९०मध्ये सुरू झालेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था आहे. बदलापूर, अंबरनाथहून थेट लोकल आहे.
- केंद्र सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येते.

स्वतःला इजा करण्याचे किंवा जीवन संपवण्याचे विचार येत असतील, तर चाचणीचे गुण मोजत बसू नका. लगेच घरातल्या विश्वासू माणसाला सांगा, १४४१६ ला फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठा.

हा विकार बरा होतो का?

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण इथे लागू पडत नाही. झॅनरिनी यांच्याच चमूने रुग्णालयात दाखल झालेल्या बॉर्डरलाइनच्या २९० रुग्णांचा १० वर्षे मागोवा घेतला. त्यातल्या ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे तरी ओसरलेली राहिली. नाती आणि कामधंदाही नीट सावरला, असे मात्र निम्मेच होते. या विकारासाठी 'डीबीटी' ही उपचारपद्धती शोधणाऱ्या मार्शा लिनहान यांनी २०११मध्ये जाहीरपणे सांगितले, की तरुणपणी त्या स्वतः अशाच त्रासाने रुग्णालयात दाखल होत्या. उपचाराला वेळ लागतो, पण त्याचा उपयोग होतो. त्याची सुरुवात मात्र मोबाइलच्या स्क्रीनवर नव्हे, समोर बसलेल्या तज्ज्ञाशी बोलण्यातून होते.