मानेचे दुखणे अंगावर काढू नका



बेंदूर-पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतो. खांद्याला सूज दिसली तर त्या बैलाला औताला जुंपत नाही. जनावराच्या मानेची एवढी काळजी घेणारा शेतकरी, स्वतःची मान धरली की मात्र "झोपेत अवघडली असेल, होईल बरी" म्हणून दिवस ढकलतो. पुष्कळदा ती आठ-पंधरा दिवसांत बरी होतेही. पण तीन महिने उलटले तरी दुखणे हटत नसेल, तर ती जुनाट मानदुखी समजावी. तिच्यात मान नुसती दुखत नाही. मानेची चाल बदलते आणि स्नायूंची कामाची वाटणी बिघडते. हे नीट कळले म्हणजे उपायही कळतो.

स्नायूंची बिघडलेली जोडी

मानेत सात मणके असतात. त्यांच्यावर सुमारे पाच किलोचे डोके तोललेले असते. हे डोके सांभाळणाऱ्या स्नायूंचे दोन थर आहेत. आतला थर मणक्यांना चिकटून असतो. तो लहान, पण दिवसभर मणके सावरून धरण्याचे काम त्याचे. वरचा थर मोठा. कानामागून हासळीच्या हाडापर्यंत येणारा दोरखंडासारखा स्नायू हाताला लागतो, तो यातलाच. डोके हलवणे, ओझे पेलणे ही जोराची कामे त्याची.

जुनाट दुखण्यात आतला थर मंदावतो, उशिरा कामाला लागतो आणि लवकर थकतो. जोडीतला एक बैल अंग चोरू लागला की दुसऱ्यावर सगळा ओढा येतो ना, तसेच इथे होते. वरचे स्नायू स्वतःचे काम सोडून आतल्यांचेही काम ओढतात, दिवसभर ताठलेले राहतात आणि संध्याकाळपर्यंत मान-खांदे दगडासारखे होतात.

ऑस्ट्रेलियातला क्वीन्सलँड प्रांत आपल्यासारखाच ऊसवाल्यांचा. तिथल्या विद्यापीठातील डेबोरा फाला, ग्वेंडोलिन जल व सहकाऱ्यांनी २००४ साली ही गोष्ट मोजून दाखवली. नाकावाटे घशाच्या मागच्या बाजूला बारीक उपकरण टेकवून त्यांनी आतल्या स्नायूंच्या विद्युत-लहरी टिपल्या. मानदुखी असणाऱ्यांत त्या निरोगी माणसांपेक्षा कमी भरल्या.

यातून ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की, गोळीने दुखणे थांबले म्हणजे आतला स्नायू आपोआप कामाला लागतोच असे नाही. म्हणूनच दुखणे परत परत उलटते.

मानेची चाल कशी बदलते?

निरोगी तरुण माणसाची मान दोन्ही बाजूंना ७० ते ८० अंश वळते. त्यातले निम्म्याच्या आसपास वळण वरच्या दोन मणक्यांमध्येच होते. वयाने हे थोडे कमी होते. जुनाट दुखण्यात आणखी कमी होते. माणूस मान सावकाश, अडखळत फिरवतो. हाक ऐकली की मान न वळवता अख्खे अंग वळवतो. दुखेल या भीतीने मान हलवायची टाळतो, न हलवल्याने ती अधिक आखडते, आणि फेरा चालू राहतो.

मान कुठे आहे याची जाणीवही चुकते. १९९१ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी रुग्णांचे डोळे झाकून, मान वळवून परत सरळ आणायला सांगितली. मानदुखीवाल्यांचा अंदाज निरोगी माणसांपेक्षा जास्त चुकला.

ट्रॅक्टरला दोन ट्रेलर जोडून वजनकाट्यावर मागे घेणाऱ्याची मान वळत नसेल, तर प्रश्न एकट्या त्याचा राहत नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाचाही असतो. ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंचे आरसे बसवा, आणि मागे घेताना बाजूला एक माणूस उभा करा.

आपल्या कामात काय सांभाळावे?

१६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेतला की पट्टे खांदे मागे ओढतात आणि मान पुढे निघते. पंप निम्मा भरा, पट्टे आखूड करा. युरियाचे पोते आता ४५ किलोचे आले, तरी ते एकट्याने मानेवर घेण्यासारखे नाही, दोघांनी उचला. मोबाईल मांडीवर ठेवून तासभर मान घालून बसू नका.

उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्या ऊसतोड मजुराची, त्यातही बाईमाणसाची, मान सर्वांत जास्त भरडते. मोळी लहान बांधली तर खेपा वाढतात आणि मजुरी टनावर असते, हे खरे. तरी फड आपला आहे. गाडी फडाजवळ येईल अशी वाट आपण करून दिली, तर तेवढी चाल तरी वाचते.

घरच्या घरी व्यायाम

१) उताणे झोपा, गुडघे मोडा. डोक्याखाली पातळ घडी चालेल. डोके न उचलता, "हो" म्हणतो तशी हनुवटी हळूच गळ्याकडे आणा. १० सेकंद धरा, सोडा. असे १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. बोटे गळ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. दोरखंड ताठला तर जोर जास्त होतो आहे, कमी करा.

२) बसून मान सावकाश डावी-उजवीकडे, सोसेल तेवढीच वळवा.

३) दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे ओढा, धरा, सोडा.

४) महिन्याभराने कपाळाला तळहात लावून, मान न हलवता, हळूहळू जोर वाढवा.

चार दिवसांत गुण येणार नाही. सहा आठवडे तरी नेम धरा. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या १८० नोकरदार स्त्रियांवर वर्षभर प्रयोग झाला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. मानेचे स्नायू बळकट करणाऱ्यांचे दुखणे, नुसते ताण देण्याचे व अंग हलते ठेवण्याचे व्यायाम सांगितलेल्यांपेक्षा बरेच जास्त कमी झाले.

हे टाळा

न्हाव्याकडून मान कडाकडा मोडून घेऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतूनच जातात. पट्टा महिनोन्‌महिने वापरू नका, आळशी स्नायू अधिक आळशी होतो. दुखण्याच्या गोळ्या दुकानातून रोज आणून खाल्ल्यास पोट आणि मूत्रपिंड बिघडते. आणि एक्स-रेत "मणक्यात गॅप आहे" म्हटल्याने घाबरू नका. वयानुसार अशी झीज न दुखणाऱ्यांतही सर्रास दिसते.

मात्र हाताला मुंग्या येऊन पकड सैल पडणे, सदऱ्याची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, मानदुखीबरोबर ताप येणे किंवा पडल्यानंतर मान दुखणे, यांपैकी एकही खूण दिसली तर व्यायाम करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गळीत हंगाम संपल्यावर बघू म्हणाल, तर मज्जारज्जूला झालेली इजा तोवर थांबत नाही.