ठोक्यांचे दप्तर

माझ्या आत्याच्या साताऱ्याच्या घरी, रेशनकार्ड आणि घरपट्टीच्या पावत्या ज्या पत्र्याच्या डब्यात असत त्याच डब्यात, कार्डिओग्रामच्या तेरा पट्ट्या घड्या घालून ठेवलेल्या होत्या. जुन्या पट्ट्यांवरच्या रेषा उडून गेल्या होत्या, कारण हा गुलाबी चौकटींचा कागद उष्णतेने उमटणारा असतो आणि काही वर्षांत आपले लिखाण आपणच पुसून टाकतो. नव्या पट्ट्यांवर जे शिल्लक होते ते सर्वस्वी निर्दोष होते. अकरा वर्षे, महिन्या-दीड महिन्यातून एकदा, कधी देवापुढे वाकताना, कधी एस.टी.त चढताना, तिच्या छातीत एकाएकी धडधड सुरू होई, गळ्याशी आतून कोणी ठोठावते आहे असे वाटे, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ती धडधड जशी आली तशीच तडकाफडकी थांबे. रिक्षा करून दवाखान्यात पोहोचेपर्यंत हृदय साळसूदपणे मूळ चालीवर आलेले असे. पट्टी निघे, आणि ‘सगळं नॉर्मल आहे काकू, मनाला फार लावून घेत जाऊ नका’ हा निकाल पदरात घेऊन ती घरी परते. पन्नाशीच्या स्त्रीने असे काही सांगितले की ते तिच्या स्वभावाच्या खाती जमा करण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे.

तिच्या निमित्ताने या शास्त्रात डोके घालण्याचा मला नाद लागला, आणि हळूहळू ध्यानात आले की हृदयाच्या लयीच्या विकारांत रोग बरा करण्यापेक्षा तो मुद्देमालासह पकडणे हेच पुष्कळदा अधिक कठीण असते.

हृदयाचा कारभार मोठा शिस्तीचा आहे. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या, म्हणजे अलिंदाच्या, माथ्यावर पेशींचा एक चिमुकला पुंजका आहे; 1907 मध्ये कीथ आणि फ्लॅक या दोघांनी तो दाखवून दिला. ठोक्याचा हुकूम तिथून सुटतो, दोन्ही अलिंदांत पसरतो, आणि खालच्या कप्प्यांकडे, म्हणजे निलयांकडे, जाण्यापूर्वी एका नाक्यावर अडतो. सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीत राहून 1906 मध्ये ज्याचे सविस्तर वर्णन केले तो हा नाका प्रत्येक हुकूम सुमारे एक दशांश सेकंद रोखून धरतो, आणि तेवढ्या अवधीत वरचे कप्पे आपले रक्त खाली रिते करतात. वरून हुकूम सुटेनासा झाला, नाक्याने तो पुढे सोडला नाही, किंवा भलत्याच ठिकाणी कोणी आपला समांतर अंमल सुरू केला, की लय बिघडते.

आपल्याकडे या बिघाडाची चौकशी बोटांनी होत असे. शार्ङ्गधरसंहितेने नाडीला सर्प, जळू, बेडूक, हंस यांच्या चाली दिल्या आणि थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक म्हणून बजावून ठेवले. बोटांना जे कळते ते कागदावर आणण्याचे श्रेय जावा बेटावरील समारंग येथे जन्मलेल्या आणि हॉलंडमध्ये लायडन येथे प्राध्यापकी केलेल्या विलेम आइंथोवेन यांचे. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म तंतू प्रबळ चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणून त्यांनी जे यंत्र सिद्ध केले त्याचे वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास होते, ते चालवायला पाच माणसे लागत, आणि रोग्याला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य, म्हणून 1905 मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने रोग्यांचे ठोकेच प्रयोगशाळेत आणवले. पी, क्यू, आर, एस, टी ही लाटांची नावे त्यांचीच. 1924 चे नोबेल पारितोषिकही त्यांना याच कार्याबद्दल मिळाले.

तथापि पट्टी फार तर दहा-बारा सेकंदांची साक्ष देते. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी जे फिरते यंत्र बनवले त्याचा पहिला अवतार पाठीवर वाहायचा होता आणि त्याचे वजन अडतीस किलो भरत असे. आज होल्टर खिशात मावतो, महिनोन्‌महिने टेहळणी करायची असेल तर बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी नोंदपेटी छातीच्या कातडीखाली सरकवतात, आणि 2018 पासून मनगटी घड्याळेही कार्डिओग्राम काढू लागली आहेत. आत्याच्या नशिबी यांपैकी काहीच आले नाही. दुसऱ्याच कामासाठी एका दवाखान्यात रांगेत बसली असता तिला धडधड सुरू झाली, यंत्र भिंतीला लागूनच होते, आणि चौदावी पट्टी निघाली: मिनिटाला एकशे अठ्ठ्याऐंशी ठोके, अगदी मोजपट्टीने आखल्यासारखे समान अंतरावर.

तिथल्या तरुण डॉक्टरने प्रथम तिला दहा मिलीची रिकामी सिरिंज तोंडाला लावून, आतला दट्ट्या हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकायला लावले आणि लगेच आडवे करून तिचे पाय उचलून धरले. हा उपाय घरगुती वाटतो, पण 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडातल्या चाचणीत पाय उचलण्याच्या या जोडीमुळे शंभरांपैकी त्रेचाळीस रोग्यांची लय जाग्यावर आली, नुसते बसून जोर करणाऱ्यांत सतरांचीच. आत्या उरलेल्या सत्तावन्नांतली निघाली. मग अॅडेनोसिनचे इंजेक्शन दिले. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकते, पण तेवढ्यात नाका पुरता बंद करते. पट्टीवर तीन-चार सेकंद सपाट रेघ, आणि मग आपली नेहमीची लय. ‘मला वाटलं, संपलं सगळं,’ असे ती पुढे कितीतरी दिवस सांगत असे. गळ्याशी ठोठावण्याचा उलगडाही तेव्हाच झाला: या विकारात वरचे आणि खालचे कप्पे एकाच क्षणी आकसतात, रक्त मानेच्या शिरांत उलटे फेकले जाते, आणि मानेवर दिसणाऱ्या त्या उसळीला पाश्चात्य वैद्य बेडकाची खूण म्हणतात. शार्ङ्गधराच्या बेडकाशी तिचा संबंध लावण्याचा मोह मात्र आवरावा.

औषधांचा इतिहास एका व्यापाऱ्यापासून सुरू करण्याची प्रथा आहे. 1912 मध्ये वेंकेबाख या डच वैद्याला त्याच्या एका व्यापारी रोग्याने सांगितले की आपली बिघडलेली नाडी आपण हिवतापावरच्या क्विनीनने ताळ्यावर आणतो. वैद्याने आधी अविश्वास दाखवला, दुसऱ्या दिवशी व्यापारी नियमित नाडी घेऊन हजर झाला, आणि त्या धाग्यावरून पुढे क्विनिडीन प्रचारात आले. नंतर औषधे वाढली आणि त्यांबरोबर एक घातक समजूतही वाढली, की पट्टीवरचे अवेळी ठोके नाहीसे झाले म्हणजे रोगी वाचला. हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या माणसांवर अमेरिकेत ‘कास्ट’ या नावाने चाचणी झाली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्यांनी त्यांच्या पट्ट्या सुरेख केल्या, आणि 1991 च्या अहवालात हिशेब निघाला तो असा: गोळ्या घेणाऱ्या 755 जणांत 63 मृत्यू, औषधाविना नुसती गोळी घेणाऱ्या 743 जणांत 26. वैद्यकाच्या दप्तरात इतके लज्जास्पद आणि इतके प्रामाणिक पान मला दुसरे आढळलेले नाही.

आत्याला गोळ्या नकोच होत्या. पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत तिला नेले तिथे काचेपलीकडे बसून सर्व पाहण्याची परवानगी मला मिळाली. जांघेतल्या शिरेतून तारेसारखे तीन बारीक कॅथेटर हृदयात चढवलेले; ती जागी; आणि काचेच्या माझ्या बाजूला एक तंत्रज्ञ तिच्या हृदयाला बाहेरून ठोके देत बसलेला. आठ सारखे, नववा किंचित लवकर. पुन्हा आठ, नववा आणखी एक शतांश सेकंद लवकर. वेळ साधून दिलेल्या ठोक्याने धडधड सुरूही करता येते आणि थांबवताही येते, हे 1967 मध्ये अॅमस्टरडॅमला डुरर यांनी आणि पॅरिसला कूमेल यांनी दाखवले, त्यावर ही सारी विद्या उभी आहे. आत्याच्या नाक्यात दोन वाटा होत्या, एक जलद, एक संथ. अवेळी आलेला ठोका जलद वाट बंद पाहून संथ वाटेने उतरे, तोवर जलद वाट मोकळी होई, तिच्यातून तो उलटा वर चढे, आणि प्रदक्षिणा सुरू होई. कुठल्याशा नवव्या ठोक्याला पडद्यावरच्या रेघा एकदम दाटल्या आणि आतून तिचा आवाज आला, ‘हीच! हीच ती! बघा, मी सांगत होते!’ डॉक्टर म्हणाले, ‘हो काकू, दिसतेय आम्हाला.’

मग संथ वाटेच्या तोंडाशी कॅथेटरचे टोक टेकवून त्यांनी ‘बर्न’ दिला. 1982 मध्ये शाइनमन यांनी सान फ्रान्सिस्कोत कॅथेटरमधून एकदिश विजेचा धक्का देऊन स्नायू निकामी करण्याची पद्धत प्रथम मांडली. आज रेडिओलहरींनी पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवून काही मिलिमीटरांपुरताच स्नायू निकामी करतात, आणि या विशिष्ट विकारात शंभरांतल्या पंचाण्णवांहून अधिकांचे काम कायमचे होते. चुकून नाकाच जळाला तर मात्र जन्माचा पेसमेकर बसतो. तीही आता शिक्षा राहिलेली नाही: 1958 मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर काही तासांत बंद पडला, पण पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलून ते 2001 पर्यंत जगले, ते बनवणाऱ्या अभियंत्याच्या आणि बसवणाऱ्या शल्यविशारदाच्याही मागे. आता दोन ग्रॅम वजनाचा, तारेवाचूनचा पेसमेकर थेट निलयात सोडता येतो.

सर्वांचे प्रकरण इतके सरळ नसते. उतारवयात आढळणाऱ्या अलिंदकंपात एक वाट जाळून भागत नाही, कारण वरचे कप्पे सर्वांगाने थरथरत असतात. ठिणगी बहुधा फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते, हे बोर्दोच्या हायसागेर यांनी 1998 मध्ये पंचेचाळीस रोग्यांवरून दाखवले, आणि तेव्हापासून त्या शिरांभोवती कुंपण घालणे हा मुख्य उपाय झाला. ते उष्णतेने घालतात, गोठवून घालतात, आणि अलीकडे अत्यल्पकालीन विद्युत्स्पंदांनी घालतात, जे हृदयाच्या पेशी मारतात पण पाठीमागची अन्ननलिका बहुतांशी वाचवतात. तरीही रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू ठेवायच्या की नाहीत हे पट्टीवर ठरत नाही, वय, रक्तदाब, मधुमेह यांवर ठरते. आपल्याकडे सांधेतापाने झडप आकसलेले रोगी अजून पुष्कळ. त्यांच्यासाठी नव्या रिव्हारोक्सॅबानपेक्षा जुन्या, वारंवार रक्त तपासायला लावणाऱ्या गोळ्याच अधिक प्राणरक्षक ठरल्या, हे 2022 मधल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत दिसले.

घरी परतल्यावर आत्याने तो डबा खाली काढला. तेरा निर्दोष पट्ट्या तिने एकेक करून बंबात घातल्या. चौदावी, एकशे अठ्ठ्याऐंशीची, तिने माझ्या हाती दिली आणि नाक्यावरच्या दुकानातून तिच्या दोन झेरॉक्स काढून आणायला सांगितल्या. रेषा उडतात, हे तिला माहीत होते.