वाळवंटातील वाटाड्या

पनवेलहून नेरे गावाच्या रस्त्याने निघाले की समोर माथेरानचे आणि प्रबळगडाचे डोंगर दिसतात. पावसाळ्यात हे डोंगर ढगांत बुडून जातात. अशा दिवसांत डोंगर चढायला आलेली शहरातली मंडळी पायथ्याच्या वाडीतून एखादा माणूस बरोबर घेतात. कोणत्या ओढ्याला अचानक पाणी चढते, कोणती पायवाट वाहून गेली आहे, हे त्याला ठाऊक असते. अशा माणसाला मराठीत वाटाड्या म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला रहबर म्हणाल.

या भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. येथे वाटाड्या लागतो तो पाणी फार असते म्हणून. आपल्याच देशात, राजस्थानच्या पश्चिम टोकाला, जैसलमेर जिल्हा आहे. तेथे वर्षाला सुमारे दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. एखाद्या वर्षी त्याच्या निम्माही पडत नाही. तेथेही वाटाड्या लागतो, पण तो पाणी नसते म्हणून. जैसलमेर शहरातून उंटावर बसून तीन-चार दिवस थरच्या वाळवंटात फिरून येता येते. या प्रवासात वाटाड्या नेमके काय करतो, ते या पाठात पाहू.

जैसलमेर हे जुने शहर आहे. रावळ जैसल याने ११५६ साली त्रिकूट नावाच्या टेकडीवर किल्ला बांधला आणि त्याच्याच नावावरून शहराला नाव मिळाले. किल्ला पिवळ्या दगडाचा आहे. सकाळ-संध्याकाळच्या उन्हात तो सोन्यासारखा दिसतो. सत्यजित राय यांनी १९७४ साली या किल्ल्यावर चित्रपट काढला, त्याचे नावच 'सोनार केल्ला', म्हणजे सोन्याचा किल्ला. आपल्याकडचे बहुतेक किल्ले ओस पडले आहेत. जैसलमेरच्या किल्ल्यात मात्र आजही लोक राहतात. २०१३ साली राजस्थानच्या इतर काही किल्ल्यांबरोबर त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत आले.

एवढ्या कोरड्या जागी शहर का वसले? कारण हिंदुस्थान आणि सिंध यांच्यामधले व्यापारी काफिले या वाटेने जात. रेशीम, मसाले, सुका मेवा असा माल उंटांवर लादलेला असे. काफिल्यांना मुक्कामाला जागा हवी असे आणि पाणी हवे असे. पावसाचे पाणी साठवण्यासाठी शहराबाहेर गडीसर नावाचा तलाव बांधला होता. शहर शतकानुशतके त्याच पाण्यावर जगले. पुढे किल्ल्यात घरोघरी नळाचे पाणी आले. सांडपाणी पायात मुरू लागले आणि बुरुज ढासळू लागले. कोरडेपणाच्या भरवशावर बांधलेल्या किल्ल्याला पाण्यानेच धोका व्हावा, हे ऐकून आश्चर्य वाटते!

उंटाची सफर ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांतच करावी. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. हिवाळ्यात दिवस सुखाचा असतो, पण पहाटे थंडी पाच-सात अंशांपर्यंत उतरते. हवेत ओलावा नसल्यामुळे वाळू जशी लवकर तापते तशीच लवकर निवते. म्हणून नवख्या प्रवाशाला वाटाड्या पहिल्यांदा गोधड्या दाखवतो. दुपारच्या उन्हात त्या कशाला, असे प्रवाशाला वाटते. रात्री त्याला त्यांचा उपयोग कळतो.

उंटाविषयी एक चुकीची समजूत आहे. त्याच्या मदारीत पाणी साठवलेले असते असे पुष्कळ जण सांगतात. मदारीत चरबी असते. उंट तहान सोसू शकतो त्याची कारणे वेगळी आहेत. आपल्या शरीराचे तापमान थोडे वाढले की आपल्याला घाम येतो आणि पाणी जाते. उंटाच्या शरीराचे तापमान दिवसभरात ३४ अंशांपासून ४१ अंशांपर्यंत चढू शकते, तोपर्यंत त्याला फारसा घाम येत नाही. शरीरातले पुष्कळ पाणी कमी झाले तरी त्याचे रक्त वाहते राहते. मग पाणी मिळाले की तो दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पाणी पिऊ शकतो. वाळू उडाली तर तो नाकपुड्या मिटून घेतो. त्याचे पाय गादीसारखे पसरट असल्याने वाळूत रुतत नाहीत. त्याच्या पाठीवर लाकडी पालाण कसतात. एका बाजूचे दोन्ही पाय तो एकदम उचलतो, म्हणून बसणारा डुलत राहतो आणि पहिल्या संध्याकाळी त्याची कंबर धरते. चालीने चालणारा उंट तासाला चार-पाच किलोमीटर जातो. त्यामुळे तीन-चार दिवसांत फार लांबचा पल्ला होत नाही, आणि तो व्हावा अशी घाईही कोणाला नसते.

शहर सोडल्यावर लगेच वाळूच्या टेकड्या लागतील असे समजू नका. आधी लागते ती खडकाळ, खुरट्या झुडपांची जमीन. शहरापासून सुमारे अठरा किलोमीटरवर कुलधरा नावाचे ओसाड गाव आहे. दगडी घरांच्या भिंती उभ्या आहेत, गल्ल्या सरळ आहेत, पण माणूस नाही. येथे पालीवाल ब्राह्मण राहत. एकोणिसाव्या शतकात हे गाव रिकामे झाले. दिवाणाच्या जुलमाला कंटाळून सगळे एका रात्रीत निघून गेले, अशी दंतकथा वाटाडे रंगवून सांगतात. पाणी आटत गेले, कर वाढले आणि लोक हळूहळू पांगले, असे अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांना वाटते. दंतकथेपेक्षा त्यांची शेती अधिक पाहण्यासारखी होती. उतारावरून येणारे पावसाचे पाणी ते मातीचा लांब बांध घालून अडवत. पाणी जमिनीत मुरले की त्या ओलीवर हिवाळ्यात गहू, हरभरा पेरत. या पद्धतीला खडीन म्हणतात. जैसलमेर भागात आजही काही खडीनांत पीक घेतात.

पुढे सम आणि खुडी या गावांजवळ खरी वाळू लागते. येथे रस्ता नाही, पाटी नाही. काल पडलेले पाऊल आज दिसत नाही. मग वाटाड्या दिशा कशी ओळखतो? तो टेकडीचा आकार पाहतो. ज्या बाजूने वारा येतो, त्या बाजूचा उतार लांब आणि सौम्य असतो. पलीकडची बाजू एकदम उतरती असते. काही टेकड्या चंद्रकोरीच्या आकाराच्या असतात. त्यांची दोन्ही टोके वारा जिकडे जातो तिकडे वळलेली असतात. उन्हाळ्यात येथे नैऋत्येचा जोराचा वारा वाहतो, हे ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी प्रत्येक टेकडी होकायंत्रासारखीच असते. रात्री ध्रुवतारा असतोच. शिवाय झाडे असतात. खेजडी, म्हणजे आपली शमी, तिची मुळे फार खोल जातात. रुईसारखी झुडपे, सेवण नावाचे गवत, या प्रत्येकाची जागा त्याच्या ध्यानात असते.

कोठे जायचे नाही, हेही त्यालाच पाहावे लागते. पुढे पाकिस्तानची सीमा आहे आणि तिच्याजवळच्या पट्ट्यात परवान्याशिवाय जाता येत नाही. शिवाय १९८० साली येथे तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठे मरू राष्ट्रीय उद्यान झाले. माळढोक पक्षी मुख्यतः येथेच उरला आहे. हा पक्षी आपल्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळावरही प्रसिद्ध होता.

पण वाटाड्याचे सर्वांत मोठे ज्ञान पाण्याचे. थरमध्ये लोक तीन प्रकारचे पाणी मानतात. पावसाचे ते पालर पाणी. खोल भूगर्भातले ते पाताल पाणी. ते बहुतेक ठिकाणी खारट असते. या दोहोंच्या मधले ते रेजाणी पाणी. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूंदें' या हिंदी पुस्तकात याचे सुंदर वर्णन केले आहे. काही भागांत वाळूच्या खाली जिप्समचा थर आडवा पसरलेला असतो. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते आणि या थरावर अडते. खालच्या खारट पाण्यात ते मिसळत नाही. वाळूच्या कणाकणात ओल राहते, पण पाणी म्हणून दिसत नाही.

ही ओल मिळवण्यासाठी कुंई खणतात. कुंई म्हणजे अगदी अरुंद विहीर, व्यास चार-पाच हात आणि खोली तीस हातांहून अधिक. आत एकच माणूस मावतो. त्याला कुदळ उगारायलाही जागा नसते, म्हणून तो आखूड दांड्याच्या हत्याराने खणतो. खाली उकाडा फार असतो. वरचे लोक अधूनमधून मूठ-मूठ वाळू जोराने खाली टाकतात. तिच्याबरोबर ताजी हवा खाली जाते आणि गरम हवा वर येते. वाळू डोक्यावर पडू नये म्हणून खणणारा डोक्यावर धातूचे भांडे घालतो. भिंती ढासळू नयेत म्हणून जेथे दगड नाही तेथे खींप नावाच्या गवताचा जाड दोर वळून, वेटोळ्यावर वेटोळे बसवून आतून अस्तर करतात. मग भोवतालच्या वाळूतली ओल थेंबाथेंबाने आत जमते. दिवसभरात जेमतेम दोन-तीन घडे! तोंड रुंद केले असते तर एवढे पाणी तळाशी पसरले असते, वर काढता आले नसते आणि उन्हाने उडूनही गेले असते. कुंई एका कुटुंबाची असते, पण नवी कोठे खणायची ते गाव ठरवते, कारण सर्वांची ओल एकच.

अशा जागा ज्याला माहीत नाहीत त्याचे काय होते, हे इतिहासात नोंदलेले आहे. १५४० साली शेरशाहाकडून पराभव झाल्यावर हुमायून बादशाह आश्रय शोधत फिरत होता. १५४२ साली तो मारवाडातून परत फिरून जैसलमेरच्या मुलखातून उमरकोटकडे निघाला. त्याची बेगम हमीदा बानू त्या वेळी गरोदर होती. जैसलमेरच्या राजाने वाटेवरच्या विहिरी वाळूने बुजवून टाकल्या. ज्या विहिरी सापडल्या त्या इतक्या खोल होत्या, की मोट वर आली हे बैल हाकणाऱ्याला कळावे म्हणून नगारा वाजवावा लागे, असे जुन्या फारसी ग्रंथांत सांगितले आहे. मोट वर येताच तहानेने वेडी झालेली माणसे तिच्यावर तुटून पडत. या वाटेवर कित्येक माणसे आणि जनावरे तहानेने मेली. हुमायूनची बहीण गुलबदन बेगम हिनेही 'हुमायूननामा'त या प्रवासाचे हाल सांगितले आहेत. अखेर उमरकोटच्या राण्याने त्यांना आसरा दिला. तेथेच १५ ऑक्टोबर १५४२ रोजी अकबराचा जन्म झाला. उमरकोट आज पाकिस्तानच्या सिंध प्रांतात आहे.

आजच्या सफरीत असे हाल नसतात. प्रवाशांसाठी पिण्याचे पाणी बरोबर नेतात आणि अडचण आली तर जीप बोलावता येते. संध्याकाळी उंट मोकळे सोडतात. लांब जाऊ नयेत म्हणून त्यांचे पुढचे पाय दोरीने सैलसर बांधतात. वाटाडे काटक्या पेटवून बाजरीची रोटी भाजतात. भांडी घासायला वाळूच वापरतात. कधी जवळच्या गावातून मांगणियार गायक येतात. हे मुसलमान कलावंत पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हिंदू यजमानांच्या घरी जन्माला, लग्नाला गात आले आहेत. ते सूफी कलाम गातात तशीच कृष्णाची भजनेही गातात. कमायचा हे त्यांचे तंतुवाद्य. जैसलमेरजवळच्या हमीरा गावचे कमायचावादक साकर खाँ यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली.

आता काळ पालटला आहे. १९५८ साली ज्याचे काम सुरू झाले तो इंदिरा गांधी कालवा पंजाबातून पाणी घेऊन जैसलमेर जिल्ह्यापर्यंत आला. अनेक गावांना नळ मिळाले, शेती वाढली. डोक्यावर घडे घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या बायकांचे कष्ट वाचले, ही फार चांगली गोष्ट झाली. पण नळ आला तेथे कुंया साफ करणारे हात कमी झाले. रस्ते झाले आणि उंटाचे काम ट्रकने घेतले. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते. २०१९ च्या गणनेत ते सुमारे अडीच लाख उरले. राजस्थानने २०१४ साली उंटाला राज्यप्राणी ठरवले. २०१५ साली त्याच्या कत्तलीला आणि परराज्यात नेण्याला बंदी करणारा कायदा केला. पण त्यामुळे उंटांना गिऱ्हाईक राहिले नाही आणि किंमत पडली, अशी उंट पाळणाऱ्यांची तक्रार आहे. ज्याच्यापासून मिळकत नाही तो प्राणी गरीब माणूस किती दिवस पोसणार?

प्रवाशाला पाठीवर घेऊन वाळवंटात जाणे हे उंटाच्या उरलेल्या थोड्या कामांपैकी एक आहे. या सफरीचे पैसे मिळतात, म्हणून सम-खुडीकडची काही घरे अजून उंट राखून आहेत. बापाबरोबर उंटाची दोरी धरून चालताना तेथील मुलाला कोणत्या झाडापाशी वळायचे, कोणत्या विहिरीचे पाणी गोड आणि कोणत्या विहिरीचे फक्त उंटाने प्यायचे, हे अजून समजते. जीपच्या वाटेवर या विहिरी लागत नाहीत.