न सुटलेला बाण

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पश्चात एकदा एक जण हजरत हुजैफा बिन यमान (रजि.) यांना म्हणाला, की आम्ही त्या काळात असतो तर प्रेषितांच्या बरोबरीने लढलो असतो, कशालाच कमी पडलो नसतो. हजरत हुजैफांनी त्याला खंदकच्या लढाईतील एका रात्रीची हकीकत सांगितली. ती सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली आहे.

हिजरी 5, म्हणजे इ.स. 627. कुरैश, गतफान आणि इतर टोळ्यांच्या सुमारे 10,000 सैन्याने मदीनेला वेढा घातला होता. मुसलमान होते सुमारे 3,000. हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या सल्ल्याने खोदलेल्या खंदकाने शत्रूचे घोडदळ अडवले, पण वेढा उठत नव्हता. अशा वेळी नुकतेच इस्लाम स्वीकारलेले नुऐम बिन मसऊद (रजि.) पुढे आले. त्यांचे मुसलमान होणे शत्रूला ठाऊक नव्हते. सीरतग्रंथ सांगतात, की त्यांनी कुरैश व बनू कुरैजा या दोघांच्याही मनात एकमेकांविषयी संशय पेरला आणि तलवार न उपसता शत्रूची एकजूट फोडली.

मग ती रात्र आली. वादळी वारा आणि अंग गोठवणारी थंडी. शत्रूची खबर कोण आणेल, असे प्रेषितांनी (स.) विचारले. जो जाईल तो कियामतच्या दिवशी आपल्यासोबत असेल, असेही सांगितले. कोणी उठले नाही. तीनदा विचारूनही सारे गप्प. हे सहाबी होते, बद्र आणि उहुद पाहिलेले होते. पण भूक, थकवा आणि थंडी त्यांनाही होतीच. शेवटी प्रेषितांनी हुजैफांचे नाव घेतले. आता उठण्यावाचून गत्यंतर नव्हते. निघताना एकच ताकीद मिळाली: खबर आण, त्यांना डिवचू नकोस.

हुजैफा (रजि.) म्हणतात, मी निघालो तेव्हा जणू हम्मामातून चालत होतो, थंडी जाणवलीच नाही. शत्रूच्या तळात सेनापती अबू सुफयान शेकोटीपाशी पाठ शेकत बसले होते. हुजैफांनी धनुष्याला बाण लावला. तो सोडला असता तर नेमका लागला असता. तेवढ्यात प्रेषितांची ताकीद आठवली. बाण सुटला नाही.

विचार करा, तो सुटला असता तर काय झाले असते? वाऱ्याने आणि आपसांतील संशयाने खचलेले सैन्य परतीच्या विचारात होते. ते सूडासाठी पुन्हा पेटून उठले असते. शिवाय खबर देणारा बहुधा परत आलाच नसता.

हुजैफांनी परत येऊन पाहिले तेवढेच सांगितले. काम संपताच थंडीने अंग कापू लागले. प्रेषितांनी (स.) आपली चादर त्यांच्यावर पांघरली. ते सकाळपर्यंत झोपले आणि प्रेषितांनीच त्यांना थट्टेने हाक मारून उठवले. कुरैशांनी वेढा उठवला होता.

पुढे हुजैफा (रजि.) प्रेषितांचे ‘राजदार’ म्हणून ओळखले गेले. मुनाफिकांची नावे प्रेषितांनी त्यांच्यापाशी ठेवली होती आणि हजरत उमर (रजि.) यांच्यासारखे खलिफाही त्या बाबतीत त्यांच्याकडे पाहत. हातात आलेला बाण ज्याला आवरता येतो, त्याच्यापाशी गुपितही सुरक्षित राहते. मुलांना आपण लढाईतले पराक्रम आवडीने सांगतो. हा न सुटलेला बाणही त्यांना सांगितला पाहिजे.