मॉन्ट्रियलच्या बँडमधली सतार

रॉक गाण्यात सतार वाजली की आमच्या क्षेत्रातले बरेच जण नाक मुरडतात. गिटार आणि ड्रमचा धडाका चालू असताना मध्येच चार आघात, एक मींड, की झालं 'भारतीय' वातावरण! मी सतार शिकवते, मलाही अशा सतारीचा राग येतो. म्हणूनच कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या एलिफंट स्टोन या बँडविषयी आवर्जून लिहावंसं वाटलं. तिथे सतार शोभेला ठेवलेली नाही.

ऋषी धीर हा या बँडचा कर्ताधर्ता. भारतीय वंशाचा. तो गातो, बेस गिटार वाजवतो आणि सतारही वाजवतो. आधी तो द हाय डायल्स या बँडमध्ये होता. एलिफंट स्टोनचा 'द सेव्हन सीज' हा पहिला अल्बम २००९ साली आला आणि कॅनडाच्या पोलारिस पुरस्काराच्या प्राथमिक यादीत जाऊन बसला. आपल्या संगीताला धीर गमतीने 'हिंदी' आणि 'इंडी' मिळून 'हिंडी रॉक' म्हणतो.

या संगीताचं मूळ सायकेडेलिक रॉकमध्ये आहे. तो साठच्या दशकाच्या मध्यावर इंग्लंड-अमेरिकेत फोफावला. एलएसडीसारख्या मादक द्रव्यांचा तो काळ. जाणिवेच्या सीमा पुसट व्हाव्यात असा नाद तो वाजवणाऱ्या मंडळींना हवा होता: उलट्या फिरवलेल्या टेप, घुमणारे प्रतिध्वनी, मुद्दाम फाटलेला गिटारचा आवाज आणि संपता न संपणारी गाणी. जॉर्ज हॅरिसनने १९६५ मध्ये बीटल्सच्या एका गाण्यात सतार वाजवली आणि पुढच्याच वर्षी 'रिव्हॉल्व्हर' अल्बमच्या 'लव्ह यू टू'मध्ये ती थेट केंद्रस्थानी आणली. त्या गाण्यातला तबला अनिल भागवत यांचा. बीटल्सच्या अल्बमवर बाहेरच्या वादकाचं नाव छापलं जाणं तेव्हा दुर्मीळ होतं, भागवतांचं छापलं गेलं. 'द इनर लाइट'चा वाद्यमेळ तर १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला.

पण सतारच का? माझ्या मते याचं उत्तर मिरजेत सापडतं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तिथे एकोणिसाव्या शतकात वाद्यं घडवायला सुरुवात केली. मंगळवेढ्याकडचा भोपळा आजही त्यांच्या कामी येतो. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर जवारी काढत असेल तर जवळ बसून बघावं. ज्या घोडीवर तारा टेकतात तिचा माथा दिसायला सपाट, पण प्रत्यक्षात त्याला किंचित उतार असतो. कारागीर कानशीचे दोन हात मारतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा तार बाजूला करतो. उतार जमला की थरथरणारी तार माथ्याला हलकेच चाटत राहते, आणि एका सुरातून वरचे कितीतरी सूर फुटतात. तोच सतारीचा झणत्कार.

रॉकवाले गिटारला फझ नावाचं उपकरण लावतात, तेही मूळ सुरावर असेच वरचे सूर चढवतं. फरक एवढाच की त्यांचं काम वीज करते, आपलं कारागिराचा कान. या दोन आवाजांचं गोत्र एक आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणून ते शेजारी बसले की उपरे वाटत नाहीत.

अडचण येते ती कॉर्डमुळे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांमुळे. रॉक गाण्यात पायाचा स्वर दर दोन-चार मात्रांनी सरकतो. सतारीच्या अकरा ते तेरा तरफा, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारा, मात्र एका षड्जाला धरून लावलेल्या असतात. खालचा पाया हलला की त्या तरफा बेसूर बोलू लागतात. मग सतारीने चार आघात करून गप्प बसण्याखेरीज उरतं काय? धीर स्वतः बेस वाजवतो, हे इथे मोलाचं ठरतं. पाया कुठे हलवायचा आणि कुठे रोवून ठेवायचा, हे त्याच्याच हातात असतं. २०१३ च्या अल्बममधलं 'द सी ऑफ युअर माइंड' हे लांबलचक गाणं त्यासाठी ऐकावं. तिथे सतारीला पसरायला जागा मिळते, श्वास मिळतो. हे रागदारी वादन नव्हे आणि धीर तसा दावाही करत नाही. आलाप, जोड, झाला शोधायला गेलात तर निराशा होईल. मला मात्र त्यात सतारीचा मान राखलेला दिसतो.

मंचावरचा व्याप वेगळाच. सतारीचा भोपळा ड्रमचा धक्काही पकडतो. मायक्रोफोन लावून आवाज वाढवला की ती स्वतःच घोंगावायला लागते. शिवाय सतार मांडी घालून वाजवायची, बेस उभ्याने. दोन्ही एकदम वाजवणं एका माणसाला शक्यच नाही. म्हणून सतारीची गाणी बाकीच्यांना सांभाळून घ्यावी लागतात.

बँड एका साच्यात अडकला नाही. २०२० च्या 'हॉलो'मध्ये पृथ्वी उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या माणसांची सलग गोष्ट आहे. २०२४ मध्ये 'बॅक इंटू द ड्रीम' आला.

नव्याने ऐकणाऱ्याने 'सेटिंग सन'पासून सुरुवात करावी. ते सुटसुटीत, गुणगुणता येईल असं गाणं आहे. मग 'द सी ऑफ युअर माइंड' लावावं. माझ्या विद्यार्थ्यांना मी ते हेडफोनवर ऐकायला सांगते आणि मुख्य तार सोडून तिच्यामागच्या तरफांकडे कान द्यायला लावते.