बिग डेटा शिकायचा, पण कोणाकडे?

गेल्या मे महिन्यात निपाणीहून भाचीचा फोन आला. "आत्या, बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स घेऊ, की ते सोडून बिग डेटाचा कोर्स करू? कंपनीचं सर्टिफिकेट मिळतं म्हणे." मागून दादाचा आवाज आला, "फी दीड लाख आहे. तू सांगशील तसं करतो."

माझे माहेर निपाणीचे, सासर बालाघाटचे. गेली अठरा वर्षे मी इथल्या महाविद्यालयात गणित शिकवते. तरीही उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले.

त्याला कारण होते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी धान विकून अशाच एका कोर्सची फी भरली. तीन महिन्यांत मुलगा प्रमाणपत्र घेऊन आला. पुढे मुलाखतीत त्याला सरासरी आणि मध्यक यांतला फरक विचारला, तो सांगता आला नाही. परत आल्यावर मला म्हणाला, "मॅडम, हे तर तुम्ही शिकवलं होतं." शिकवले होते खरे, पण खऱ्या आकड्यांवर एकदाही करून घेतले नव्हते. चूक त्या कोर्सची होती, तशी माझीही.

बिग डेटा म्हणजे काय? तुमच्याकडच्या भाताला इथे धान म्हणतात. समजा, जिल्ह्यातली सगळी पोती मोजायची आहेत. सगळी एका जागी आणून मोजण्यापेक्षा प्रत्येक गावाने आपापली मोजावीत आणि फक्त बेरीज कळवावी, हे सोपे. २००६ मध्ये आलेले 'हडूप' संगणकांकडून असेच काम करून घेते. माहितीचे तुकडे अनेक यंत्रांवर ठेवते, प्रत्येकाच्या सहसा तीन प्रती. एक यंत्र बंद पडले तरी काम अडत नाही.

पुढे अनेक कामांत त्याहून वेगवान असे 'स्पार्क' आले. त्याची सुरुवात २००९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात झाली. तिथल्या प्रयोगशाळेला गूगल, अ‍ॅमेझॉन अशा कंपन्यांनी पैसा दिला आणि आपल्या खऱ्या अडचणीही सांगितल्या. २०१३ मध्ये स्पार्क अपाची संस्थेकडे गेले. आज ते कोणालाही फुकट वापरता येते. विद्यापीठ आणि कंपनी यांची सोयरीक जुळते ती अशी.

आपल्याकडेही हे नवे नाही. विप्रोने १९९५ पासून बिट्स पिलानीच्या साथीने बीएस्सी, बीसीए झालेल्या मुलांना नोकरी करता करता पदव्युत्तर शिक्षण दिले. इन्फोसिसने २००४ मध्ये 'कॅम्पस कनेक्ट' सुरू केले, ते मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी. बालाघाट काय, निपाणी काय, अशा गावांतल्या साध्या बीएस्सीच्या वर्गापर्यंत कंपनी क्वचितच पोचते.

तरी वाटा आहेत. आयआयटी पाटण्याचा 'बिग डेटा कम्प्युटिंग' हा अभ्यासक्रम एनपीटेलवर मोफत पाहता येतो. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचे ऑनलाइन शिक्षण सुरू केले. त्याला जेईई लागत नाही, पात्रता परीक्षा मात्र द्यावी लागते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये संगणकाचे कितीतरी धडे मराठीत आहेत, कन्नडमध्येही आहेत. दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरांत इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाला हा मोठा आधार आहे.

मीही माझी पद्धत बदलली. आता मुले बाजार समितीचे धानाचे भाव उतरवून आणतात. एका दिवशी भाव अचानक चढला की सरासरी कशी फसवते आणि मध्यक कसा जागेवर राहतो, हे त्यांना स्वतःच दिसते.

भाचीला सांगितले, "स्टॅटिस्टिक्स सोडू नकोस. पायथॉन सोबतीने शीक. आणि फी भरण्याआधी तीन गोष्टी विचार: शिकवणार कोण, खऱ्या माहितीवर काम करायला मिळणार का, आणि परीक्षा कोण घेणार?"

दादाने त्या कोर्सवाल्यांना हे तीन प्रश्न विचारले. पहिल्याचेच उत्तर धड मिळाले नाही. दीड लाख बँकेतच राहिले, भाची बीएस्सीला गेली.

आमचे अप्पा तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहीत. कारकून नवा आला की त्याला म्हणत, "वही कुठलीही घे, आधी लेक्क शिक." हडूप गेले, स्पार्क आले, उद्या आणखी काही येईल. लेक्क पक्के असेल, तर नवी वही उघडायला आपल्या मुलांना कितीसा वेळ लागणार?